वाक्याचा कर्ता कोण?

गेल्या हिवाळ्यात येथील महाराष्ट्र मंडळाच्या वाचनवर्गात अस्तित्ववादी कादंबरीवर एक बैठक झाली. सार्त्र आणि कामू यांची नावे पुष्कळ घेतली गेली, मानवी इच्छास्वातंत्र्याविषयी बरेच बोलणे झाले आणि चहा येण्याच्या सुमारास लेखा खात्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी एक साधा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “सकाळी बोटाचा ठसा देऊन हजेरी लावावयाची, आलेली फाईल पुढे सरकवावयाची आणि बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलावयाचे, यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी या पॅरिसच्या तत्त्वज्ञानाचे करावे काय? स्वातंत्र्याच्या गोष्टी ज्याला निवड करता येते त्याने कराव्यात. आपल्याला निवड होतीच कुठे?” सर्वांना हसू आले आणि बैठक संपली.

मला मात्र तो प्रश्न सोडीना. घरी येऊन त्या दिवशी उल्लेखिलेल्या पुस्तकांकडे पाहिले तेव्हा एक गोष्ट प्रथमच ठळकपणे ध्यानात आली. ज्या कथा-कादंबऱ्यांनी इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न आधुनिक वाङ्मयात आणला, त्यांतील कितीतरी नायक कारकून आहेत. मेल्व्हिलचा बार्टल्बी नकलनवीस आहे. दोस्तोयेव्हस्कीचा तळघरातील माणूस निवृत्त सरकारी नोकर आहे. काफ्काचा योसेफ के. बँकेतला अधिकारी आहे. कामूचा मर्सो अल्जीअर्सच्या एका कचेरीत मालाच्या पावत्या तपासतो, आणि त्याच्याच ‘द प्लेग’मधील ग्रां हा नगरपालिकेतला हंगामी कारकून आहे. म्हणजे आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांचा प्रश्न या वाङ्मयाबाहेरून आलेला नसून त्या वाङ्मयाने तो स्वतःलाच घातलेला आहे. त्याचे उत्तर ते कसे देते हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

१

इच्छास्वातंत्र्याची परीक्षा पूर्वीच्या वाङ्मयात राजपुरुषांवर होत असे. ईडिपस थीब्जचा राजा होता. कर्णाच्या वाट्याला दैव आणि पौरुष यांचा झगडा आला तो रणभूमीवर. मराठी वाचकाला नियतीची ही भव्य भाषा परकी नाही. धारवाडला अध्यापन करीत आयुष्य घालविलेल्या जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांत, विशेषतः ‘काजळमाया’तील (१९७२) कथांत, माणूस जिवाच्या आकांताने वाट निवडतो आणि ती वाट त्याला आधीच आखून ठेवलेल्या जागी आणून सोडते. त्या नियतीला एक भयाण वैभव आहे. कारकुनाच्या वाट्याला आलेली नियती फारच लहान असते. ती ‘वरून हुकूम आहे’ एवढ्या तीन शब्दांत मावते. जेथे निवडीला जागा इतकी थोडी, तेथे स्वातंत्र्य उरते काय, हा प्रश्न अधिक कठीण होतो. आणि म्हणूनच आधुनिक कथाकार राजवाड्यातून कचेरीत आला असावा.

या कारकुनाची पहिली मोठी कथा गोगोलचा ‘ओव्हरकोट’ (१८४२). अकाकी अकाकियेविच जन्मभर नकला करतो आणि त्यात सुखी असतो. एकदा एक सहृदय अधिकारी त्याला जरा वरचे काम देतो. तयार कागदाचे शीर्षक बदलावयाचे आणि काही ठिकाणची क्रियापदे प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यावयाची, एवढेच ते काम. पण त्याला दरदरून घाम फुटतो, आणि आपल्याला नक्कलच करू द्यावी अशी विनंती तो करतो. वाचक येथे हसतो. मला मात्र या लहानशा प्रसंगात पुढील शंभर वर्षांच्या वाङ्मयाचे बीज दिसते. ‘मी’ असलेले वाक्य ‘तो’चे करावयाचे की तसेच ठेवावयाचे, एवढा निर्णयही अकाकीला झेपत नाही. गोगोलला त्याची अपार करुणा आहे. पण अकाकी स्वतंत्र होऊ शकला असता काय, हा प्रश्न तो विचारीत नाही.

तो प्रश्न मेल्व्हिलने विचारला. ‘बार्टल्बी’ ही त्याची कथा १८५३ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील एका वकिलाकडे बार्टल्बी नकलनवीस म्हणून लागतो. प्रथम तो भुकेल्यासारखा काम करतो, आणि मग एके दिवशी नक्कल ताडून पाहण्यास बोलावले असता, आपली पसंती तसे न करण्याकडे आहे एवढेच सौम्यपणे सांगतो. तो बंड करीत नाही, कारणही देत नाही. पुढे लिहिणे थांबते, कचेरी सोडणे थांबते, शेवटी तुरुंगात खाणे थांबते आणि तो मरतो. कथेतील एक तपशील मोलाचा आहे. गोंधळलेला वकील एडवर्ड्सचा इच्छाशक्तीवरील ग्रंथ आणि प्रीस्टलीचा नियतिवादावरील ग्रंथ चाळतो, आणि हा माणूस आपल्याकडे ईश्वरी योजनेनेच धाडला गेला आहे अशी स्वतःची समजूत घालतो. इच्छास्वातंत्र्य त्याच्यासमोर पडद्याआड उभे आहे आणि तो ते पुस्तकात शोधतो आहे!

बार्टल्बीच्या त्या प्रसिद्ध वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे. त्या कचेरीत दुसऱ्यांची वाक्ये उतरवून घेण्यात आयुष्य जात असता एक माणूस स्वतःचे वाक्य बोलतो आणि सगळा व्यवहार खोळंबतो, यातच त्या कथेचे सामर्थ्य आहे. पण त्या वाक्याला पुढे काहीच जोडले जात नाही. काय करावयास आवडेल ते बार्टल्बी कधीच सांगत नाही. नकारापुरते स्वातंत्र्य माणसाला कोठवर नेते हे मेल्व्हिलने निष्ठुरपणे दाखविले आहे.

दोस्तोयेव्हस्कीचे ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ (१८६४) या नकाराला तत्त्वज्ञानाची जीभ देते. दूरच्या एका नातेवाइकाने सहा हजार रूबल ठेवले म्हणून नोकरी सोडून बसलेला हा चाळिशीचा गृहस्थ सांगतो की, नोकरीत असताना तो अर्जदारांशी उद्धटपणे वागे आणि त्यात त्याला आनंद वाटे. लाच तर तो घेत नव्हता, तेव्हा काहीतरी मोबदला हवाच! हे कबुलीवजा विधान वाचताना आपणांपैकी किती जणांना आपल्या खिडकीपलीकडची रांग आठवेल? माणसाचे हित गणिताने ठरवून त्याला सुखी करता येईल या मताविरुद्ध तो त्वेषाने बोलतो. आपल्या अहिताचे का होईना, पण स्वतः निवडण्याचा हक्क त्याला हवा आहे. दोस्तोयेव्हस्कीचा प्रामाणिकपणा असा की, हा स्वातंत्र्याचा वकील प्रत्यक्षात कोणाचेच भले करू शकत नाही, हेही त्याने लपविलेले नाही. कथेच्या उत्तरार्धात लिझा या असहाय मुलीने दाखविलेल्या विश्वासाचा तो अपमान करतो. तेव्हा ‘मी’ म्हणता येणे एवढ्याने भागत नाही.

२

काफ्काकडे आले की ‘मी’ नाहीसाच होतो. काफ्का स्वतः १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागमधील कामगार-अपघात विम्याच्या संस्थेत अधिकारी होता. दिवसा अहवाल लिहावयाचे आणि रात्री कथा लिहावयाच्या असा त्याचा क्रम होता. त्याच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रायल’चा आरंभ अशा वाक्याने होतो की, त्यात निंदा करणारा कोण हे ठाऊक नाही आणि अटक करणारा कोण हेही ठाऊक नाही. योसेफ के.ला तिसाव्या वाढदिवशी अटक होते, कामावर जाण्याची मात्र मोकळीक राहते. सरकारी पत्रव्यवहाराशी ज्याचा संबंध आला आहे त्याला या वाक्यरचनेची ओळख पटावी. ‘कळविण्यात येते की’, ‘विनंती विचारात घेण्यात आली’, ‘मान्य करणे शक्य झाले नाही’. कळविणारा कोण, विचार करणारा कोण आणि अशक्य कोणाला झाले, हे त्या पत्रात कोठेही नसते. इंग्रजीत लिहा, हिंदीत लिहा, कर्ता गाळला जातोच. काफ्काने या कर्मणी प्रयोगाचे एक विश्वच उभे केले.

या कादंबरीतील द्वारपालाची कथा सर्वश्रुत आहे. खेड्यातला एक माणूस न्यायाच्या दारी येतो; द्वारपाल आता आत सोडता येत नाही म्हणतो; तो वर्षानुवर्षे बसून राहतो, आणि मरतेवेळी त्याला कळते की ते दार केवळ त्याच्यासाठीच होते. ही कथा वाचताना आपण नेहमी त्या खेडुताच्या जागी बसतो. परंतु आपण, म्हणजे या अंकाचे बहुतेक वाचक, पेशाने द्वारपालच नाही काय? काफ्काचा द्वारपाल दुष्ट नाही. तो खेडुताला बसावयास तिवई देतो, त्याची विचारपूस करतो आणि त्याने दिलेल्या वस्तूही घेतो, त्या का, तर आपण काही प्रयत्न करावयाचे ठेवले असे त्याला वाटू नये म्हणून! आपण सर्वांत खालचा द्वारपाल आहोत हे तो पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. कथेनंतर कादंबरीतील धर्मगुरू आणि के. यांच्यात वाद होतो की, या दोघांत अधिक बद्ध कोण? खेडूत निदान आपखुशीने आलेला होता. द्वारपाल तर जागेलाच बांधलेला. पण ही बांधीलकी द्वारपालाला मोकळे करते काय? काफ्का निकाल देत नाही. तो निकाल देण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील फ्रेंच लेखकांनी अंगावर घेतले.

सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसला दिलेले व्याख्यान पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाले आणि अस्तित्ववाद हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. कागद कापण्याची सुरी घडविण्यापूर्वी ती कशासाठी हे कारागिराला ठाऊक असते. माणसाचे तसे नाही. तो आधी असतो आणि आपण कोण हे पुढे स्वतःच्या कृतींनी ठरवितो. म्हणून आपल्या स्वभावाकडे, संस्कारांकडे किंवा हुकमाकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. तसे बोट दाखविणे ही आत्मवंचना होय. १९४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने एका उपाहारगृहातल्या वाढप्याचे उदाहरण घेतले आहे. त्या वाढप्याच्या हालचाली जरा अधिकच चपळ, त्याचे वाकणे जरा अधिकच अदबीचे. तो जणू वाढपी या वस्तूत शिरून माणूसपणातून सुटू पाहतो. त्या वाढप्याच्या जागी “आमच्या हातात काही नाही हो” म्हणणारा कारकून ठेवून पाहावा. हातात काही नसते हे पुष्कळदा खरेही असते. परंतु ते सांगताना आवाजात जी एक सुटकेची छटा येते, ती आत्मवंचनेची.

त्याच व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आहे. त्याचा थोरला भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेला होता. आई एकटी, तिचा जीव याच्यावर. इंग्लंडला जाऊन फ्रान्सच्या मुक्तिसेनेत दाखल व्हावे की आईजवळ राहावे, हे त्याला ठरवावयाचे होते. सार्त्रने त्याला एवढेच सांगितले की तू स्वतंत्र आहेस, तेव्हा निवड कर. हे उत्तर कोरडे आहे असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. गावी थकलेले आईवडील आणि आपण सातशे मैलांवर, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांना तो कोरडेपणा अधिकच जाणवेल. पण ते खोटे आहे असे मात्र म्हणता येत नाही.

३

आता मर्सोकडे येऊ. कामूने तरुणपणी अल्जीअर्समध्ये स्वतः काही काळ कारकुनी केली होती, आणि ‘द आउटसायडर’मधील (१९४२) कचेरीचे बारकावे त्या अनुभवाची साक्ष देतात. आई वारली म्हणून मर्सो दोन दिवसांची रजा मागतो; साहेबाच्या कपाळावर आठी दिसताच, यात आपला दोष नाही असे तो सांगून बसतो. दुपारी हात धुताना कचेरीतला पंचा कोरडा असतो म्हणून त्याला बरे वाटते. संध्याकाळी तो ओला असतो म्हणून वाटत नाही. हे त्याने साहेबाला सांगून पाहिलेले असते, आणि ही गोष्ट खेदाची पण क्षुल्लक आहे असे उत्तर मिळालेले असते. पुढे साहेब त्याला पॅरिसच्या नव्या शाखेत बदलीवर पाठवू इच्छितो. मर्सो म्हणतो, मला दोन्ही सारखेच. अशा प्रस्तावावर उत्साहाचे किंवा नाखुशीचे नाटक न करणारा मनुष्य कचेरीच्या दृष्टीने किती अवघड असतो हे आपण जाणतो.

मर्सोचा गुण हा की, न वाटलेले वाटले असे तो म्हणत नाही. आईच्या प्रेतयात्रेत तो रडला नाही, आणि खुनाच्या खटल्यात सरकारी वकील खुनाहून अधिक जोर या न रडण्यावर देतो. खोटे बोलला असता तर तो कदाचित वाचला असता. याच कारणाने अनेक टीकाकारांनी त्याला सत्याचा हुतात्मा आणि स्वतंत्र पुरुष म्हणून गौरविले आहे. मला हे मत पूर्णतः मान्य नाही. कारण समुद्रकाठी अरबावर गोळी झाडण्याच्या क्षणी कामूची वाक्यरचना बारकाईने पाहिली तर काय दिसते? पहिल्या गोळीच्या वर्णनात कर्ता मर्सो नाही. चाप सैल पडतो. ऊन, घाम, सुरीच्या पात्यावरची तिरीप, हे सारे कर्ते होतात आणि मर्सो त्यांच्या मधोमध केवळ असतो. खटल्यातही विचारले असता तो उन्हाचे कारण देतो. ज्याने आयुष्यभर एकही खोटा शब्द उच्चारला नाही, तो आपल्या सर्वांत मोठ्या कृत्याच्या वेळी कचेरीतल्या त्या कर्मणी प्रयोगाचाच आश्रय घेतो! आणि लगेच, क्षणभर थांबून, तो निश्चल देहावर आणखी चार गोळ्या झाडतो. त्या वाक्याचा कर्ता मात्र ‘मी’ आहे. कामूला हा भेद ठाऊक नव्हता असे मानणे कठीण आहे. मर्सो स्वतंत्र आहे तो त्या चार गोळ्यांपुरता, आणि पुढे फाशीच्या कोठडीत धर्मगुरूवर संतापून ओरडतो तेव्हा. मधल्या सर्व काळात तो सत्यवचनी आहे, पण स्वतंत्र नाही. प्रांजळपणा आणि स्वातंत्र्य या एकच गोष्टी नव्हेत.

त्या कादंबरीतला आणखी एक कर्ता गाळला गेला आहे. मारल्या गेलेल्या अरबाला सबंध पुस्तकात नाव नाही. अल्जीरियन लेखक कामेल दाऊद याने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत त्या मृताचा भाऊ निवेदक आहे, आणि तो त्याला मूसा हे नाव देतो. सत्तर वर्षांनी का होईना, फाईलमधील रिकामी जागा भरली गेली. मर्सोच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याची सवय त्यामुळे वाचकांना लागली, हे दाऊदचे मोठे कार्य आहे.

येथे एक वैयक्तिक गोष्ट सांगणे भाग आहे. तिच्यावाचून मी मर्सोविषयी बोलणे दांभिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी गावी आईला दुखणे लागले. धाकट्या भावाचा फोन आला. मी म्हणालो, “रजा मिळत नाही.” वस्तुतः मी रजेचा अर्ज केलाच नव्हता. तीन आठवड्यांवर खात्याची परीक्षा आली होती आणि अभ्यास मोडू नये अशी माझी इच्छा होती. ती इच्छा उघड बोलून दाखविली असती तर ती निवड ठरली असती. मी वाक्याचा कर्ता बदलला. ‘मी’च्या जागी ‘रजा’ बसविली. आई त्या दुखण्यातून उठली, त्यामुळे त्या वाक्याची चौकशी कोणी केली नाही. मर्सो मला आवडत नाही. पण त्याने हे वाक्य उच्चारले नसते, हे मला मान्य करावे लागते.

४

‘द प्लेग’ १९४७ मध्ये आली. ओरान शहरात प्लेग पसरतो, वेशी बंद होतात. या कादंबरीत डॉक्टर आहे, पत्रकार आहे, धर्मोपदेशक आहे. परंतु निवेदक म्हणतो की, या कथेला नायक हवाच असेल तर त्याची शिफारस ग्रांसाठी आहे. कोण हा ग्रां? नगरपालिकेतला हंगामी साहाय्यक, रोज बासष्ट फ्रँक तीस सांतीम पगारावर. बढतीच्या आश्वासनावर तो लागला त्याला बावीस वर्षे झाली. आश्वासनाची आठवण देणारा अर्ज त्याला लिहिता येत नाही; ‘हक्क’ शब्द घालावा तर धीर होत नाही, ‘कृपा’ घालावी तर मान खाली जाते. याच शब्द न सापडण्यापायी त्याची बायको झान त्याला सोडून गेली आहे. आणि हा मनुष्य रात्री कादंबरी लिहीत असतो! तिचे एकच वाक्य लिहून झाले आहे. मे महिन्यातल्या सकाळी पॅरिसच्या उपवनात घोड्यावरून जाणाऱ्या एका स्त्रीचे वर्णन करणारे ते वाक्य तो वर्षानुवर्षे बदलीत बसला आहे.

कामू येथे कारकुनाची थट्टा करतो असे काहींना वाटेल. थोडी करतोही. पण स्वयंसेवक पथकांच्या नोंदी ठेवण्याचे काम निघते तेव्हा ग्रां मागेपुढे न पाहता हो म्हणतो. त्याला शौर्य वाटत नाही. प्लेग आहे, तेव्हा बचाव केला पाहिजे, हे उघडच आहे असे तो म्हणतो. दिवसा पालिकेचे काम करून संध्याकाळी तो मृतांची आणि रोग्यांची कोष्टके तयार करतो. जे काम तो पोटासाठी करीत आला, तेच आकडे आणि तेच तक्ते. फरक एवढाच की, हे काम त्याने मागून घेतले आहे. हुकूम कोणाचा, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. माझ्या मते साऱ्या अस्तित्ववादी वाङ्मयात इच्छास्वातंत्र्याचे याहून साधे आणि याहून पटणारे चित्र दुसरे नाही. बार्टल्बीने नाही म्हणून दाखविले. ग्रांने हो म्हणून दाखविले. त्याच कादंबरीतला पत्रकार रांबेर प्रेयसीकडे पळून जाण्याची सगळी सिद्धता झाल्यावर राहण्याचे ठरवितो, कारण एकट्याने सुखी होण्याची लाज वाटेल असे त्याला वाटते. तीही निवडच, पण तिच्यात नाट्य आहे. ग्रांच्या निवडीत नाट्य नाही, आणि म्हणूनच ती आपल्या आवाक्यातली आहे. ग्रांलाही प्लेग होतो. तो आपले हस्तलिखित जाळावयास सांगतो आणि नवल असे की बरा होतो. शेवटी तो झानला पत्र लिहितो आणि त्या वाक्यातली सारी विशेषणे काढून टाकल्याचे आनंदाने सांगतो.

५

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो बळकट आहे. पोटाची, जातीची, गुलामीची सक्ती ज्यांच्यावर आहे त्यांना ‘तू स्वतंत्र आहेस’ म्हणणे ही क्रूर चेष्टा नव्हे काय? सार्त्रलाही हा आक्षेप पुढे जाणवला. १९६० च्या त्याच्या ग्रंथात परिस्थिती आणि टंचाई यांचे ओझे पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक मानलेले आढळते. मराठीत या आक्षेपाची कसोटी १९६३ या एकाच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन पुस्तकांत पाहावयास मिळते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकावयास येतो आणि साऱ्या धडपडीला ‘वगैरे’ची शेपटी लावीत अखेर गावी परततो. अस्तित्ववादाची चर्चा त्या कादंबरीभोवती पुष्कळ झाली आहे. परंतु परतण्यास पांडुरंगाला गाव होते, वडिलांचे घर होते.

बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतल्या तरुणाला ते नव्हते. तो रेल्वेच्या नोकरीवर परमुलखात जातो. जागा मिळविताना जात विचारली जाते, आणि तो ती लपवितो. पुढे ती उघडकीस येते व त्याला मारहाण होते. आपल्यासारख्याच, बदलीच्या गावी खोली शोधीत हिंडणाऱ्या नोकरदाराची ही कथा आहे. मात्र आपणांपैकी पुष्कळांना जो प्रश्न कधी भिववीत नाही, तो त्याला पहिल्याच उंबऱ्यावर गाठतो. हा तरुण खोटे बोलतो, म्हणून तो आत्मवंचक ठरतो काय? मुळीच नाही. आत्मवंचना म्हणजे आपली निवड स्वतःपासून लपविणे. याने ती जगापासून लपविली, स्वतःपासून नव्हे. शीर्षकच पाहावे: त्यात ‘मी’ आहे, आणि चोरीचे क्रियापद त्या ‘मी’ने आपल्या अंगावर घेतले आहे. ज्या समाजाने त्याला चोरी करावयास लावली तो समाज मात्र कर्ता म्हणून पुढे येत नाही. सक्ती कितीही मोठी असली तरी माणूस आपल्या वाक्याचा कर्ता राहू शकतो, याची साक्ष ही कथा देते. आणि त्याबरोबरच, त्यासाठी सर्वांना सारखी किंमत मोजावी लागत नाही, हे पॅरिसच्या व्याख्यानात राहून गेलेले सत्यही सांगते.

तेव्हा आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांना माझे उत्तर असे आहे. आपल्याला निवड थोडी होती हे खरे. बदलीचा हुकूम आपण काढला नाही, नियम आपण केले नाहीत. परंतु या कारकून-नायकांच्या कथा वाचल्यावर निदान एवढे दिसू लागते की, जेथे थोडी निवड होती तेथेही आपण वाक्यातून कर्ता गाळीत होतो, आणि ती सवय कचेरीपुरती राहिली नाही. ही सवय दाखवून देणे हे या वाङ्मयाचे काम आहे, आणि ते त्याने चोख केले आहे.

या दिवाळीत गावी गेलो असता मी भावाला सांगितले की, त्या वेळी मी रजेचा अर्ज केला नव्हता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आईला ठाऊक होतं, दादा. ती म्हणाली होती, त्याची परीक्षा आहे, त्याला पुन्हा फोन करू नकोस.”

माझे खोटे तिने स्वतःची निवड करून झाकले होते.